वर्गात फिट आली तर काय करायचं, हे शिकवायला सरकारने पैसे द्यावेत

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. तिसरीचा वर्ग, मधली सुट्टी नुकतीच संपलेली. वजाबाकी सोडवता सोडवता एक मुलगा बाकावरून खाली कोसळला. डोळे फिरले, हातपाय ताठ झाले, मग झटके सुरू झाले, तोंडातून फेस यायला लागला. मुलं किंचाळत व्हरांड्यात पळाली. पोषण आहार शिजवणाऱ्या मावशी कांदा फोडून धावत आल्या. कुणी नाकाशी चप्पल धरली, कुणी मुठीत किल्ल्यांचा जुडगा कोंबला. आणि मी, डीएड केलेली, पंधरा वर्षं शिकवणारी बाई, दातखीळ सोडवायची म्हणून त्याच्या तोंडात चमचा घालत होते. ओठ फाटून रक्त आलं. ते माझ्या हातून झालं. आजही झोपेत ते रक्त दिसतं.

नंतर तालुक्याच्या डॉक्टरांनी पाच मिनिटांत सगळं समजावलं. मुलाला कुशीवर वळवा. डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवा. जवळचं टोकदार सामान बाजूला करा. दाबून धरू नका, तोंडात काहीही घालू नका. घड्याळ बघा. पाच मिनिटांत झटके थांबले नाहीत तर १०८ ला फोन करा. बस, एवढंच. आणि एवढंच मला कुठल्याही प्रशिक्षणात कुणी सांगितलं नव्हतं.

तो मुलगा महिनाभर शाळेत आला नाही. घरी गेले तर आजी म्हणाली, "बाई, बाहेरचं आहे त्याला." देवऋषी करून झाला होता. इकडे वर्गातल्या दोन पालकांनी येऊन सांगितलं, आमच्या पोराला त्याच्याजवळ बसवू नका, लागण होते.

अपस्मार, म्हणजे मेंदूतून येणारा हा फिट्सचा आजार, एकापासून दुसऱ्याला लागत नाही. जगात सुमारे ५ कोटी लोकांना तो आहे, आणि वेळेवर योग्य औषध मिळालं तर त्यातल्या ७० टक्के लोकांचे झटके थांबू शकतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. १९९९ पर्यंत आपल्या हिंदू विवाह कायद्यातही अपस्मार हे लग्न रद्द करायचं कारण म्हणून होतं. कायद्यातून ते गेलं, पण लग्न ठरवताना माणसं अजून लपवतात. आणि एक गोष्ट, जी मलाही उशिरा कळली: फीतकृमी या जंताची अंडी अस्वच्छ हातातून, न धुतलेल्या भाजीतून पोटात जातात आणि त्यांतून निघालेल्या अळ्या मेंदूपर्यंत पोहोचून फिट्स आणू शकतात. हात धुवायच्या पायऱ्या आम्ही मुलांना रोज म्हणायला लावतो. त्याचा मेंदूशी संबंध एकदाही सांगत नाही.

योजना नाहीत असं नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्या पालघरमधूनच सुरू झाला. त्याचं पथक वर्षातून एकदा शाळेत येतं, त्यांच्या तपासणीच्या यादीत झटक्यांचा आजारही आहे. पण ती तपासणी झाली, शिक्षण नाही. २०२० पासून शाळेतले दोन शिक्षक आरोग्य दूत म्हणून नेमायचे, त्यांनी आठवड्याला एक तास घ्यायचा, अकरा विषय ठरलेले. भावनिक आरोग्य आहे, व्यसन आहे, इंटरनेट आहे. चांगलेच विषय आहेत. मेंदू हा विषय मात्र त्यात नाही.

आता पैशाचं. ३१ ते १०० पट असलेल्या आमच्यासारख्या शाळेला वर्षाचं संयुक्त अनुदान २५ हजार. त्यात वीजबिल, खडू, दुरुस्ती, स्वच्छतेचा वाटा. उरतं काय? शहरातल्या खाजगी शाळा फीच्या पैशातून समुपदेशक ठेवतात. आमच्याकडे एकदा एक संस्था आली, छान कार्यक्रम झाला, दुसऱ्या वर्षी त्यांचा निधी संपला आणि कुणी आलं नाही. मुलांचं शिक्षण कुणाच्या देणगीवर का अवलंबून असावं?

म्हणून मी मागते आहे ते राज्याच्या अर्थसंकल्पात स्वतंत्र लेखाशीर्ष, म्हणजे याच कामासाठी वेगळी तरतूद. दर केंद्रात, म्हणजे जवळच्या शाळांच्या गटात, वर्षातून एक पूर्ण दिवस ग्रामीण रुग्णालयाच्या डॉक्टरांकडून प्रत्यक्ष सराव, त्यांचं मानधन, शाळेला चांगली चित्रं, आणि वेळापत्रकात ठरलेले तास. फिट, डोक्याला मार, हेल्मेट, झोप, घरातल्या आजोबांचं तोंड अचानक वाकडं झालं तर काय, हे सगळं त्यात. माझे सहकारी म्हणतात, अजून एक काम नको. त्यांचं बरोबर आहे, निवडणूक, सर्वेक्षण आणि ऑनलाइन माहितीतून शिकवायला वेळ मिळत नाही. म्हणूनच नुसतं परिपत्रक नको. पैसे द्या, वेळ द्या, मग आम्ही मनापासून शिकवू.

तो मुलगा आता सातवीत आहे, गोळ्या नियमित घेतो. गेल्या वर्षी ताप आला आणि वर्गातच पुन्हा फिट आली. त्याच्या शेजारच्या मुलाने त्याला कुशीवर वळवलं, एका मुलीने ओढणीची घडी करून डोक्याखाली सरकवली. मावशी दारात आल्या, हातात कांदा नव्हता. आणि मागच्या बाकावरून एकजण भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत मोठ्याने सांगत होता, "बाई, दोन मिनिटं झाली... बाई, थांबलं."