पट्टा सरकेल, झाड कसं सरकणार?

'तापमान वाढलं की हिमालयातला खरसू ओक आणखी उंचावर सरकेल' हे जंगलांच्या भविष्यावरच्या एका लेखातलं वाक्य खटकलं. सरकतो तो नकाशावरचा योग्य हवामानाचा पट्टा. झाडाला वर जायचं तर बी रुजायला हवं, आणि खरसूची खरी अडचण तिथेच आहे. त्याचं बी ऐन पावसाळ्यात, जुलै-ऑगस्टच्या सुमारास पिकतं, कधी झाडावरच मोड धरतं आणि जमिनीवर कोरडं पडलं तर फार दिवस टिकत नाही. उष्णतेने ते आधीच पिकून गळलं आणि पाऊस उशिरा आला, तर वर कितीही थंड जागा असली तरी काय उपयोग? यावर लेखात एक ओळही नाही!

दोन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये उत्तराखंडातल्या चोपत्याला गेलो होतो. पायवाटेवरचं एक बी उचललं तर टोकातून पांढरं मूळ बाहेर आलेलं, ओल्या पाचोळ्यात घुसायच्या तयारीत. वरचं झाड मात्र चाऱ्यासाठी इतकं छाटलेलं की पानं फक्त शेंड्याला. अशा झाडाला बी धरणार किती? मी ठाण्याचा. येऊरला दर पावसाळ्यात रोपं लावायला जातो (तिथली झाडं वेगळी, हे मान्य). पहिल्या सरीनंतर दहा-बारा दिवस उघडीप पडली की रोपं माना टाकतात, हे दरवर्षी बघतो. त्यामुळे नुसत्या सरासरी तापमानावरून जंगलाचं भविष्य सांगितलेलं मला पटत नाही. पावसाची वेळही त्या हिशेबात धरा.