पत्रा किती जाडीचा, एवढं सांगायला काय जातं?

पुण्यात छप्पर बदलायचं काढलं की कळतं, या शहरात रेट सगळ्यांकडे आहे आणि हिशेब कुणाकडेच नाही. फोन उचलल्या उचलल्या पलीकडून सुरू: "स्क्वेअर फुटाला इतके पडतील मॅडम, विथ मटेरियल." अहो, कसलं मटेरियल? किती स्क्वेअर फूट? तुम्ही अजून घर बघितलेलं नाही!

घर पर्वतीच्या बाजूला, जुनं, बैठं. पुढच्या भागावर मंगलोरी कौलं, मागं नंतर वाढवलेल्या खोल्यांवर सिमेंटचे पत्रे. वासे वाळवीनं खाल्लेत, रिपा पिचल्यात. दर मे महिन्यात कौलं चाळून घ्यायची, फुटकी बदलायची, बोहरी आळीतून ताडपत्री आणून वर टाकायची, हे वर्षानुवर्षं करून झालं. आता सगळंच उतरवून नवीन, पोलादी पत्र्याचं छप्पर करायचंय. राजवाडा बांधायला सांगत नाहीये मी कुणाला.

तर मापं. एक ठेकेदार आला, त्यानं आतून खोल्या मोजल्या आणि गेला. म्हणजे जमीन मोजली, छप्पर नाही. दुसरा शिडी लावून चढला, वळचणीबाहेर आलेल्या भागासकट उतार मोजला. आणखी एकानं पत्र्यावर पत्रा चढतो तो ओव्हरलॅपही क्षेत्रफळात धरला. छपराला ३० अंशांचा उतार असेल, तर ९०० चौरस फूट जमिनीवर सुमारे १,०४० चौरस फूट छप्पर होतं. शाळेतली त्रिकोणमिती आहे ही, रॉकेट नाही सोडायचंय. आता पहिल्याचा रेट जास्त आणि शेवटच्याचा कमी, तर यातला स्वस्त कोण? काढा उत्तर. आणि ज्यानं जमीन मोजली तो काम अर्ध्यावर आलं की डोकं खाजवत येणार: "मापं वाढली हो मॅडम." छप्पर रातोरात वाढलं का रे बाबा?

मग जाडी. "हेवी पत्रा टाकू." हेवी म्हणजे किती? "एकदम हेवी. कंपनीचा." मिलिमीटरमध्ये सांगा ना! ०.३५ चा, ०.४५ चा की ०.५० चा? आणि ती जाडी नुसत्या लोखंडाची की वरचा मुलामा आणि रंग धरून? यावर समोरचा माझ्याकडे असं बघतो, जणू मी त्याच्या घरच्या भानगडी विचारल्या. अर्ध्या मिलिमीटरचं पोलाद चौरस मीटरला ३.९ किलोच्या आसपास भरतं, ०.३५ चं पावणेतीन किलो. वजनकाट्यावर ठेवला की पत्रा स्वतःच बोलतो. हे म्हटल्यावर एका गृहस्थांचा प्रश्न: "साहेब आहेत का घरी?" साहेब घरी आहेत. साहेबांना पत्र्यातलं ओ की ठो कळत नाही. माझ्याशीच बोला.

सगळ्यात डोक्यात जातं ते "आहे त्याच वाशांवर पत्रा मारून देतो, खर्च वाचेल" हे. कुठले वासे? ज्यांत बोट घातलं तर भुसा पडतो ते? एक मंगलोरी कौल साधारण अडीच किलोचं, चौरस मीटरला पंधराच्या आसपास लागतात. म्हणजे आज डोक्यावर चौरस मीटरला ३५-४० किलो आहे, आणि ते वजनच वळवाच्या वाऱ्यात छप्पर जागेवर ठेवतं. पत्रा त्याच्या दहाव्या हिश्शाचा. त्याला वारा खालून उचलतो. म्हणून स्क्रू किती अंतरावर, रबरी वॉशर कसला, खालचा सांगाडा भिंतीत कशानं जखडणार, हेच तर खरं काम आहे. ते कोटेशनमध्ये एका शब्दानं नाही. तिथं लिहिलंय: "छप्पर काम – लमसम." झालं. आणि एप्रिलच्या उन्हात त्या पत्र्याखाली माणसं कशी राहणार विचारलं तर "फॉल्स सीलिंग करून घ्या." तो खर्च अर्थातच वेगळा.

मागच्या सिमेंट पत्र्यांचं तर विचारूच नका. म्हणजे मी विचारलं, आणि तळपायाची आग मस्तकात गेली. त्या काळच्या सिमेंट पत्र्यात ॲस्बेस्टॉस असायचं. जागतिक आरोग्य संघटना सांगते की सगळ्या प्रकारच्या ॲस्बेस्टॉसमुळे कॅन्सर होतो, आणि धोका असतो तो उडणाऱ्या धुळीतल्या तंतूंचा. पत्रा ओला करायचा, बोल्ट काढायचे, अख्खाच्या अख्खा खाली उतरवायचा, प्लास्टिकमध्ये गुंडाळायचा. आमचे ठेकेदार काय म्हणतात? "त्याला कशाला वेळ घालवायचा, हातोड्यानं फोडून खाली टाकतील पोरं. तासाचं काम." तोंडाला रुमालसुद्धा न बांधता ती पोरं ती धूळ खाणार, आणि शेजारची दोन वर्षांची मुलगी अंगणात खेळतेय! "आम्ही इतकी वर्षं फोडतोय, कुठं काय झालं?" अहो, तो आजार दिसायला वीस-तीस वर्षं लागतात, म्हणूनच काही झालेलं दिसत नाही!

राडारोडा नेणार कुठं? "टाकतो कुठंतरी." पुण्यात हे कुठंतरी कुठं असतं ते मुठेच्या पात्रात डोकावलं की दिसतं. बांधकामाच्या राडारोड्यासाठी वाघोलीला प्रक्रिया प्रकल्प आहे म्हटलं, तर छोटा हत्तीवाला हसला. ॲस्बेस्टॉस त्या राडारोड्यात मिसळायचं नसतं, हे त्याला सांगायची माझी ताकदच उरली नाही.

बिल मागितलं की १८ टक्के जीएसटी वर. न मागितलं तर "आपल्यात कशाला कागद?" गॅरंटी दहा वर्षांची, तोंडी. खोदून विचारलं तर ती पत्र्याच्या रंगाची, कंपनीची. गळतीची नाही! मग मला काय रंग बघत पावसात बसायचंय? लिहून द्या म्हटलं की "विश्वास नाही का मॅडम?" नाही. आणि ॲडव्हान्स मात्र सत्तर टक्के, तो विश्वासावर.

सल्ले फुकट. "स्लॅबच टाका ना." मातीत बांधलेल्या विटांच्या भिंतींवर? "रिडेव्हलपमेंटला द्या." द्या, द्या. चहा प्यायला आलेला माणूस बिस्किट संपायच्या आत आमच्या जागी सात मजले उभे करतो. मामा म्हणाले, कौलंच ठेवा, गारवा असतो. हे एकमेव शहाणं बोलणं होतं, पण आता कौलं नीट बसवणारा माणूस शोधायचा म्हणजे कोकणात चौकशी करावी लागते, आणि तो पावसाच्या तोंडावर स्वतःच्या गावची घरं शाकारत असतो.

जानेवारीत फोन केले तेव्हा "अजून खूप वेळ आहे." आता मे उजाडला, तर "पाऊस तोंडावर आला मॅडम, सगळ्यांचीच घाई, रेट वाढलेत."

शेवटी काल रात्री अर्ध्या पानाचं लिहून सगळ्यांना व्हॉट्सॲपवर पाठवलं. उताराचं माप किती, ओव्हरलॅप धरला का, पत्र्याची जाडी मुलामा सोडून किती, सांगाड्याचा पाइप कुठल्या मापाचा, जुने पत्रे कसे उतरवणार, कुठे नेणार, गळलं तर कोण बघणार. पैसे कामाच्या टप्प्यानुसार. प्रत्येक प्रश्नापुढे उत्तराला जागा सोडली, नुसते आकडे भरायचे होते.

बहुतेकांच्या निळ्या टिका आल्या, पुढे काही नाही. एकाचा अंगठा आला. आणि एकाचं उत्तर आलं, सकाळी सव्वासहाला: "मॅडम ते सगळं होऊन जाईल, रेट बसतोय का ते सांगा."