टेकू

महानगरपालिकेचा कायदा कोणी हौसेने वाचत नाही. मी वाचला, कारण मी सोसायटीचा सेक्रेटरी आहे आणि या पदावरच्या माणसाला दुसरं काही वाचायला सवडच मिळत नाही. तक्रार नाही. १९४९ च्या महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमातल्या सुरुवातीच्या व्याख्या करमणुकीला चांगल्या आहेत. त्यात 'इमारत' म्हणजे घर, तबेला, छपरी, झोपडी हे तर आहेच, शिवाय व्हरांडा, पक्का चौथरा, जोतं, दारापुढची पायरी, आवाराची भिंत आणि कुंपणसुद्धा. विटांचं, लाकडाचं, मातीचं, धातूचं, नाहीतर आणखी कशाचंही. 'उपद्रव' म्हणजे डोळ्यांना, नाकाला, कानांना त्रास देणारं किंवा झोपमोड करणारं काहीही. ही व्याख्या वाचताना माझी नजर आपोआप छताकडे गेली, कारण वरच्या मजल्यावरचा मुलगा तबला शिकतो. आणि जनावराचा 'मालक' म्हणजे त्या वेळी ते ज्याच्या ताब्यात असेल तोही. शेजाऱ्यांचं कुत्रं फिरवायला नेलंत, तर कोपऱ्यावरून परत येईपर्यंत त्याने केलेल्या सगळ्या कर्तृत्वाचे धनी तुम्ही.

हे ज्ञान मला गेटजवळच्या गुलमोहरामुळे झालं. गेल्या पावसाळ्यात तो रस्त्याकडे कलला. पडला नाही, नुसता कलला, बसथांब्यावर उभा असलेला माणूस बस येतेय का बघायला कलतो तसा. चेअरमन म्हणाले, "सेक्रेटरी, तोडून टाका. उद्या कोणाच्या डोक्यात पडला तर आपण आत जाऊ."

इतकं सोपं असतं तर काय हवं होतं! शहरातल्या झाडांसाठी १९७५ चा वेगळा कायदा आहे. त्यात झाड 'पाडणं' म्हणजे ते जाळणं, कापणं किंवा त्याला कोणत्याही प्रकारे इजा करणं. 'कोणत्याही प्रकारे' हे वाचून आमच्या खजिनदारांनी दिवाळीच्या माळांसाठी खोडात ठोकलेले खिळे रातोरात काढले. परवानगी नाकारायची नाही अशीही काही कारणं कायद्यात दिली आहेत: झाड मेलेलं असेल, रोगट असेल, जिवाला किंवा मालमत्तेला धोका असेल, वाऱ्याने पडलेलं असेल. हे शेवटचं मी दोनदा वाचलं. म्हणजे आडव्या झालेल्या झाडानेही परवानगीच्या रांगेत पडून राहायचं.

वॉर्ड ऑफिसच्या उद्यान विभागात अर्ज दिला. खिडकीवरच्या बाईंनी तो वाचून विचारलं, "वय?"

मी माझं सांगितलं.

"तुमचं नाही हो, झाडाचं."

गंमत पुढेच आहे. २०२१ मध्ये या कायद्यात दुरुस्ती झाली. पन्नास वर्षं किंवा त्याहून जास्त वयाचं झाड 'वारसा वृक्ष' ठरतं आणि त्याचा थाटच वेगळा होतो. साध्या झाडालाही नियम असा की जितकं त्याचं वय, तितकी नवीन झाडं लावायची. विचार म्हणून हे उत्तम आहे. अडचण एवढीच, की आमच्या आवारात एक स्कूटर जास्तीची लावायची म्हटलं तरी सर्वसाधारण सभा बोलवावी लागते.

साहजिकच सोसायटीला त्या गुलमोहराच्या तारुण्याचा अचानक साक्षात्कार झाला. चेअरमन म्हणाले, पंचवीस असेल. खजिनदार म्हणाले, वीस, खुराक चांगला म्हणून थोराड दिसतो. कालपर्यंत 'एवढं जुनं झाड, मुळं गटारात शिरलीत' म्हणून तक्रारी लिहिणारे दुसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ तर म्हणाले की परवा-परवापर्यंत ते रोप होतं.

उद्यान विभागाचे निरीक्षक आले ते टेप घेऊन. झाडाचा घेर छातीच्या उंचीवर मोजतात.

"कोणाच्या छातीच्या?" चेअरमन पाच फुटांवर जेमतेम असल्यामुळे त्यांना हा प्रश्न जिव्हाळ्याचा होता.

"कोणाच्याही नाही. जमिनीपासून एक मीटर सदतीस सेंटिमीटर," निरीक्षक म्हणाले. त्यांनी टेप लावली, पण झाड कललेलं. उंची खोडाच्या पोटाच्या बाजूने धरायची की पाठीच्या, यावर बराच खल झाला. वय नेमकं कळण्याची खात्रीची रीत म्हणजे खोड आडवं कापून आतली वर्तुळं मोजणं. पण कापायला परवानगी लागते आणि परवानगीला वय लागतं. निरीक्षकांनी हे इतक्या शांतपणे सांगितलं, की आपणच काहीतरी उतावीळपणा करतोय असं मला वाटलं.

एवढ्यात तळमजल्यावरचे आबा काठी टेकत आले. आबा एरवी कुठल्या कामाला पुढे येत नाहीत, पण इतिहासाचा विषय निघाला की त्यांना राहवत नाही.

"एकाहत्तरला बांगलादेशची लढाई झाली ना, तेव्हा इथे इमारत नव्हती, मोकळं पटांगण होतं. आम्ही क्रिकेट खेळायचो. हा गुलमोहर म्हणजे आमचा स्टंप!"

निरीक्षकांचं पेन कागदावर टेकलं. एकाहत्तर म्हणजे पन्नाशी कधीच उलटली. खजिनदारांचा चेहरा पडला. चेअरमनांनी आबांच्या खांद्यावर हात ठेवून अत्यंत प्रेमाने विचारलं, "आबा, तो स्टंप वडाचा होता ना? तो नाही का, रस्तारुंदीत गेला?"

"वडाचा? वडाचा कोणी स्टंप करतं का रे?" आबा कडाडले. मग सगळ्यांची तोंडं बघून त्यांच्या काहीतरी लक्षात आलं असावं. "असेलही," ते म्हणाले, "हल्ली नीटसं आठवत नाही." आबांना कितीतरी वर्षांपूर्वीच्या मेंटेनन्सच्या पावतीवरची सही आठवते, पण ते असो. शेवटी घेरावरून हिशेब करून निरीक्षकांनी वय लिहिलं, चव्वेचाळीस.

मग नोटीस. ती वर्तमानपत्रात द्यायची असतेच, पण झाडावरही लावायची असते. खोडावर कागद लागला आणि ज्यांनी वर्षानुवर्षं त्या झाडाकडे मान वर करून पाहिलं नव्हतं, ते थांबून पाहू लागले. समोरच्या बंगल्यातल्या काकूंनी हरकत घेतली. त्याच काकू दर उन्हाळ्यात फुलांचा सडा गाडीवर पडतो म्हणून आमच्याशी भांडतात. त्या म्हणाल्या, भांडण वेगळं आणि झाड वेगळं. मला हा मुद्दा पटला, पण सेक्रेटरी असल्यामुळे तसं दाखवता आलं नाही.

निर्णय घेणार वृक्ष प्राधिकरण. आयुक्त अध्यक्ष आणि नगरसेवक सदस्य अशी त्याची मूळ रचना. पण २०२२ पासून पुढे राज्यातल्या बहुतेक महापालिकांत निवडणुकाच झाल्या नव्हत्या आणि सगळा कारभार प्रशासकांच्या हाती होता. त्या काळात सभा कशी होत असेल, असं मी एका जुन्या माजी नगरसेवकांना विचारलं. ते म्हणाले, "छान होते. प्रस्ताव मांडणारे साहेब, मंजूर करणारेही साहेब. सभात्याग करायचा म्हटला तरी साहेबांनीच उठायचं." आमच्या अर्जाच्या वेळी मीटिंग पुढे ढकलली जायची ती मात्र नगरसेवक असोत वा नसोत, तितक्याच सातत्याने.

परवानगी आली आणि सोबत चव्वेचाळीस झाडांची अट आली. सर्वसाधारण सभेत प्रश्न एकच, लावायची कुठे? गच्चीवर, असं कोणीतरी सुचवलं. तबलावाल्या मुलाचे वडील म्हणाले, गच्ची गळतेय. खजिनदारांच्या पार्किंगची जागा मोजायला एकजण उठताच खजिनदारांना पर्यावरणाचा कळवळा आला. म्हणाले, "निसर्गाने उभं केलेलं झाड पाडणारे आपण कोण? लोखंडी टेकू देऊ." ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. सूचक खजिनदार, अनुमोदक आबा.

फॅब्रिकेशनवाल्याला बोलावलं. त्याने दोन जाड पाइपांचा टेकू आणि खाली सिमेंटचा चौथरा, असं कोटेशन दिलं. तेव्हा मला, नको असताना, 'इमारती'ची ती पहिली व्याख्या आठवली. धातूचं किंवा आणखी कशाचंही. पक्का चौथरासुद्धा. म्हणून वॉर्ड ऑफिसातच, पण आता बांधकाम विभागात गेलो.

कनिष्ठ अभियंत्यांनी रेखाचित्र उलटसुलट करून पाहिलं. "टेकू," ते म्हणाले, "कायमस्वरूपी की तात्पुरता?"

"झाड आहे तोवर."

"असा प्रकार फॉर्ममध्ये नाही." त्यांनी क्षणभर विचार केला. माणूस भला होता. "एक करा. पावसाळी शेडमध्ये अर्ज टाका. त्याला तात्पुरती परवानगी मिळते. पावसाळा संपला की टेकू काढून घ्यायचा, फोटो जोडायचा, पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज."

"आणि टेकू काढल्यावर झाड पडलं तर?"

"झाडाचं आमच्याकडे नाही," ते म्हणाले, "ते उद्यान. खाली, डावीकडे, जिन्याशेजारी."