‘हल्लाच चुकीचा होता’ – एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया आली त्याच रात्री मी उत्तर लिहून काढलं होतं. पाठवलं नाही ते बरं झालं; त्यात मुद्दे कमी आणि फणकारा जास्त होता. आता आठवडा उलटलाय, तेव्हा नीट लिहितो. उत्तर लांबलंय, कारण तुमचं निम्मं म्हणणं मला पटलंय आणि उरलेलं निम्मं का पटत नाही हे दोन ओळींत सांगता येत नाही.

ज्यांनी मूळ लेख वाचला नाही त्यांच्यासाठी आधी थोडा संदर्भ. ‘कराटे भारी की जूडो, बॉक्सिंग भारी की तायक्वांदो’ हा वाद घालत बसण्यापेक्षा वर्गात जाऊन एकच गोष्ट बघा, असं मी लिहिलं होतं: जोडीदार खरोखर अडवतो का? अडवत नसेल तर पाटीवर कुठल्या शैलीचं नाव आहे याने काही फरक पडत नाही. त्यावर तुम्ही चार गोष्टी सुनावल्यात. एक, काताला, म्हणजे कराटेतल्या एकट्याने हवेत करायच्या ठरलेल्या हालचालींना, मी ‘गणवेश घालून केलेला नाच’ म्हणालो, ते निव्वळ अज्ञान. दोन, शैलीने फरक पडत नाही म्हणणाऱ्याने १९९३ची पहिली यूएफसी, म्हणजे वेगवेगळ्या शैलींच्या लढवय्यांना एकमेकांसमोर उभं करणारी स्पर्धा, बघितलेली दिसत नाही. तीन, स्पॅरिंग, म्हणजे जोडीदाराशी सरावाची लढत, हा नियमांचा खेळ आहे. खऱ्या मारामारीत पंच नसतो, आणि डोळे-गळा-गुडघ्यावरची घातक तंत्रं पूर्ण जोराने सरावता येत नाहीत म्हणून तर काता आहेत. चार, मी अकरा वर्षं कराटे करून ते सोडलं, त्याचा कडवटपणा लेखात उतरलाय.

पहिल्यापासून घेतो. ते ‘नाच’वालं वाक्य मागे घेतलं. टाळ्या मिळवायला लिहिलं होतं, मिळाल्याही, पण ते चूक होतं. तुम्ही हिकितेचं, म्हणजे मागे ओढल्या जाणाऱ्या हाताचं, उदाहरण दिलंत ते अगदी नेमकं आहे. कातामध्ये एक हात ठोसा मारतो तेव्हा दुसरा हात मूठ वळून कमरेशी ओढला जातो. बाहेरून बघणारा म्हणतो, हात कमरेवर आणि तोंड उघडं, हे कसलं शहाणपण! तुम्ही म्हणता, तो हात रिकामा नसतोच. त्यात समोरच्याचं मनगट किंवा बाही असते.

मान्य. आणि हे मला पुस्तकातून नाही, पाठीवर पडून कळलंय. जूडोला जायला लागून आठवडाही झाला नव्हता. रँडोरी, म्हणजे मोकळी झटापट, चालू होती. समोरच्याने माझी उजवी बाही कोपराजवळ धरली आणि सरळ स्वतःच्या कमरेकडे खेचली. माझा उजवा खांदा पुढे फिरला, सगळं वजन पुढच्या पायाच्या चवड्यावर आलं, आणि डावा हात वर आणायचा म्हटलं तरी येईना, कारण तो आता त्याच्यापासून लांब, माझ्याच अंगामागे गेला होता. त्या क्षणी डोक्यात लख्ख उजेड पडला: अरे, हे तर हेआन, कराटेतले अगदी सुरुवातीचे काता! अकरा वर्षं हवेत ओढत होतो तो हात हा! पुढच्या क्षणी मी मॅटवर होतो.

म्हणजे काताने आपलं काम चोख केलं होतं. सूचना जपून ठेवली होती. पण अकरा वर्षांत त्या मुठीत कुणी एकदाही बाही दिली नाही. माझी तक्रार तिथे आहे, आणि ती लेखात मी चुकीच्या पत्त्यावर पाठवली. बॉक्सर आरशासमोर एकटाच हवेत ठोसे मारतो, तोही एका परीने काताच. तो तिथून पॅडवर जातो, पॅडवरून जोडीदारासमोर. आमच्याकडे आरशासमोरून थेट परीक्षेला जायचो.

आता तिसरा मुद्दा मध्येच घेतो, कारण तो याच्याशी जोडलेला आहे आणि मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते त्यावरच.

‘आमची तंत्रं इतकी घातक आहेत की जोराने सरावता येत नाहीत’ हे वाक्य मी स्वतः पट्टा बांधून लोकांना ऐकवलेलं आहे, त्यामुळे त्याची ऐट मला माहीत आहे. पण या प्रश्नाचा निकाल जूडोचे जनक जिगोरो कानो यांनी एकोणिसाव्या शतकातच लावला होता. जुजुत्सू या जपानी झटापटीच्या विद्येच्या दोन जुन्या परंपरा शिकून त्यांनी १८८२ मध्ये कोदोकान ही जूडोची शाळा सुरू केली. ठोसे, लाथा, ज्यांनी जोडीदार कायमचा जायबंदी होईल असले डाव त्यांनी मोकळ्या सरावातून बाजूला काढले. फेकून दिले नाहीत बरं का, कातामध्ये ठेवले. इथपर्यंत कानो तुमच्या बाजूचे. पण हे केलं कशासाठी? उरलेले डाव पूर्ण ताकदीने, पडायचं नाही असं ठरवून उभ्या राहिलेल्या माणसावर, रोज करता यावेत म्हणून. कमी घातक डाव हजारो वेळा अडवणाऱ्यावर केलेला माणूस, अतिघातक डाव फक्त हवेत केलेल्या माणसापेक्षा धोकादायक ठरतो. उलटं वाटतं, पण विचार करून बघा: डोळ्यात बोट घालायला काही कौशल्य लागत नाही, लहान मूलसुद्धा घालतं. कौशल्य लागतं ते समोरच्याचं हलतं डोकं एका जागी धरून ठेवायला, स्वतःचा हात तिथवर न्यायला, आणि तेवढ्यात आपला डोळा वाचवायला. आणि हे तिन्ही स्पॅरिंगमध्येच येतं. ज्याला डोकं धरता येतं त्याला बोट कुठे घालायचं हे शिकवावं लागत नाही.

आणि गंमत म्हणजे तुम्ही ज्या १९९३च्या स्पर्धेचा दाखला देता, तिथे जवळपास सगळं चालत होतं. चावायचं नाही, डोळ्यांत बोटं घालायची नाहीत, असं मोजकंच काही वर्ज्य. तरी त्या रात्री जिंकला तो कुठलंही गुप्त मर्मस्थान न शोधता माणसाला खाली पाडून, वर बसून, गळा आवळणारा.

नियमांबद्दल मात्र तुमचं म्हणणं खरं आहे आणि मी ते लेखात घाईत उरकलं होतं. प्रत्येक स्पर्धेचे नियम खेळाडूच्या अंगात एक भोक पाडतात. क्योकुशिन या कराटेच्या शाखेत छातीवर धडाधड ठोसे, मांड्यांवर लाथा, पण तोंडावर मूठ मारायची नाही. म्हणून ते एकमेकांना खेटून उभे राहतात, आणि बॉक्सर ते बघून डोक्याला हात लावतो. तायक्वांदोच्या स्पर्धेत डोक्यावर लाथ चालते, ठोसा चालत नाही. हात आपोआप खाली येतात. जूडोच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांमध्ये आता पाय हाताने धरून पाडायला बंदी आहे, आणि त्यामुळे माझ्यासारख्यांची उभं राहण्याची ढब कुस्तीगिराला आयतं गिऱ्हाईक वाटते. टोकाचं उदाहरण टोकियो ऑलिंपिकमधली कराटेची एक अंतिम लढत, ऑगस्ट २०२१. सौदीचा तारेग हामेदी ४-१ने पुढे होता. त्याची लाथ इराणच्या सज्जाद गंजजादेहच्या डोक्याशी अशी बसली की गंजजादेह तिथेच आडवा. स्ट्रेचरवरून नेलं. आणि सुवर्णपदक मिळालं ते स्ट्रेचरवरच्याला, कारण प्रमाणाबाहेर जोर लावल्याबद्दल हामेदी बाद! नियमांच्या चौकटीत निकाल बरोबरच होता. पण असा खेळ बघून ‘कुठली शैली भारी’ ठरवायला बसणं किती पोकळ आहे, तेही त्यात दिसतं.

तरीही भोक आहे म्हणून सराव सोडायचा नसतो. भोक कुठे आहे ते शिकवणाऱ्याला ठाऊक असावं आणि त्याने ते विद्यार्थ्यांना स्पष्ट सांगावं. वर्ग तोलताना मी हल्ली यावरच कान ठेवतो. ‘हे आपण करत नाही, समोर असा माणूस आला तर आपली पंचाईत होईल’ हे वाक्य ज्या शिक्षकाच्या तोंडून ऐकलं, त्याच्या बाकीच्या बोलण्यावर विश्वास बसतो.

याच्या उलट काय असतं ते सांगतो. जुन्या वर्गाचं नाव घेत नाही, घेणारही नाही. चाकूपासून बचावाचा सराव होता. रबरी चाकू. हल्ला करणारा एक पाऊल पुढे टाकून हात सरळ लांब करणार आणि तसाच ठेवणार. मग आपण बाजूला सरकायचं, मनगट पकडायचं, पिळायचं, चाकू खाली. मी ते छान करायचो, नव्यांना दाखवायला मलाच पुढे बोलवत. एकदा नुकताच आलेला एक कॉलेजचा मुलगा म्हणाला, चाकूऐवजी मार्कर घेऊ का? पांढरा गणवेश आहेच तुमचा. मी हसत हो म्हणालो.

त्याने हात लांब ठेवलाच नाही. खुपसला आणि मागे घेतला, परत खुपसला. डाव्या हाताने माझी कॉलर धरून ठेवली होती. मी मनगट शोधत राहिलो आणि मनगट दर वेळी नुकतंच तिथून गेलेलं असे. सात-आठ सेकंद चाललं असेल. थांबलो तेव्हा पोटावर लाल शाईच्या नऊ खुणा, उजव्या तळहातावर एक लांब रेघ, आणि कानाखाली एक ठिपका, तो घरी आरशात दिसला. ठिपका दोन दिवस जात नव्हता.

सर काय म्हणाले माहितेय? ‘त्याने हल्लाच चुकीचा केला.’

सगळे हसले. मीही हसलो, आणि तो मुलगा पुढच्या आठवड्यापासून आला नाही. चौथ्या मुद्द्याचं उत्तर यातच आहे. कडवटपणा आहे, नाकारत नाही. पण तो कराटेबद्दल नाही. मनगट सापडलं नाही याबद्दलही नाही. चालत्या चाकूपुढे रिकाम्या हाताने कुणाचंच फारसं चालत नाही, आणि तसं सांगितलं असतं तरी पुरलं असतं. अकरा वर्षांत पहिल्यांदा काहीतरी खरं समोर आलं होतं, आणि ते हसून दारातून परत पाठवलं गेलं, त्यात मीही हसून सामील झालो, त्याचा तो कडवटपणा. तुम्हीही एका ठिकाणी लिहिलंय की जोडीदाराने उगाच ताकद लावली तर ‘ड्रिल बिघडते’. ते वाचून मला तेच वाक्य ऐकू आलं. अन्याय होत असेल तर सांगा.

आता १९९३. शैलीने फरक पडतो, हो, पडतो. त्या रात्री डेन्व्हरमध्ये आर्ट जिमर्सन हा बॉक्सर एका हातात ग्लोव्ह आणि दुसरा हात मोकळा असा आला होता. रॉइस ग्रेसीने, म्हणजे त्या रात्री पुढे स्पर्धा जिंकणाऱ्या ब्राझिलियन जुजुत्सूवाल्याने, त्याला पाडलं, छातीवर बसला, आणि जिमर्सनने हार मानली. तो काही ढिल्या सरावाचा माणूस नव्हता, कसलेला बॉक्सर होता. पण हा पेपर त्याच्या अभ्यासक्रमातच नव्हता. तेव्हा ‘पाटीवरच्या नावाने फरक पडत नाही’ हे मी जरा जास्तच ताणलं, कबूल.

पण गोष्ट तिथे संपत नाही ना. १९९७ मध्ये मॉरिस स्मिथ हा किकबॉक्सर, मार्क कोलमनसारख्या दांडग्या कुस्तीगिराखाली सापडूनही तग धरून राहिला, त्याला दमवला आणि जिंकला, कारण मधल्या काळात तो जमिनीवरचं काम शिकून आला होता. २००० मध्ये काझुशी साकुराबा या जपानी लढवय्याने खुद्द रॉइसला दीड तास झुंजवलं, शेवटी रॉइसच्या कोपऱ्यातून टॉवेल आला, म्हणजे हार मानली. शैलीचं कोडं सात वर्षांत सुटलं. सोडवलं कुणी? रोज अडवणाऱ्या माणसांमध्ये सराव करणाऱ्यांनी. त्यांना आपलं भोक दिसलं आणि त्यांनी ते बुजवलं. ज्याच्या वर्गात कधी काही फसतच नाही, त्याला बुजवायचं काय ते कळणार कसं?

त्याच न्यायाने, चीनमधल्या ‘एमएमएवाल्याने (सगळ्या शैली मिसळून लढणाऱ्याने) ताईची गुरूला काही सेकंदांत लोळवलं’ या २०१७च्या व्हिडिओवर मी लेखात टाळ्या वाजवल्या नव्हत्या, हे तुमच्या नजरेतून सुटलं. त्यातून ताईचीबद्दल काहीच सिद्ध होत नाही. एकाने मार खाण्याचा सराव केला होता, दुसऱ्याने केला नव्हता, बस. ताईचीतच पुश हँड्स, म्हणजे हात भिडवून एकमेकांचा तोल घालवायचा सराव, आहे, आणि ते मोकळेपणाने, जिंकायला खेळणारे लोक आहेत; त्यांच्यापैकी कुणी धक्का दिला की पाय जमिनीवर राहणं मुश्कील.

एक गोष्ट तुम्ही बोलला नाहीत, पण दुसऱ्या काही वाचकांनी माझा लेख वाचून ‘मग रोज फुल कॉन्टॅक्ट, म्हणजे पूर्ण जोराची मारामारी हवी’ असा अर्थ काढला, म्हणून इथेच सांगतो. नव्या पोराला पहिल्या महिन्यात जुन्या खोंडासमोर सोडून त्याचं नाक फोडणं हे प्रशिक्षण नव्हे. त्यातून तो डोळे मिटून मागे सरकायला शिकतो, आणि रोज डोक्यावर मार खाऊन मेंदूचं जे होतं ते पट्टा मिळाल्यावर भरून येत नाही. अडवणं पायरीपायरीने वाढवता येतं. जोडीदार आधी फक्त हात मागे घेईल. मग पाऊल हलवेल. मग त्याला एकच काम: उठायचं, तुमचं एकच काम: उठू द्यायचं नाही. दोन मिनिटं. कुणाचं नाक फुटत नाही आणि खोटंही कुणी वागत नाही. असले सराव करून घेणारे शिक्षक कराटेत आहेत, आणि नुसत्या घामाच्या वासावर चालणाऱ्या, काही न शिकवणाऱ्या बॉक्सिंग जिमही मी बघितल्यात.

‘नाच’चं वाक्य मूळ लेखातून काढतोय, आणि का काढलं ते खाली लिहून ठेवतोय. बदल्यात एक मागतो. तुमच्या वर्गात काताचा बुंकाई, म्हणजे त्यातल्या हालचालींचा प्रत्यक्ष वापर, जोडीदाराबरोबर होतो असं तुम्ही लिहिलंय. पुढच्या वेळी हेआनमधलं पहिलंच घ्या, गेदान बराई (खालचा वार हाताने झटकणं) आणि पुढचा ठोसा. जोडीदाराला सांगा, हात लांब ठेवू नकोस, मारून लगेच मागे घे, आणि जमलं तर दुसऱ्या हाताने माझी कॉलर धर. वीसदा करा. वीसपैकी कितीदा मनगट मुठीत आलं आणि पाचव्या-सहाव्या वेळेनंतर तुमचे पाय काय वेगळं करायला लागले, ते इथे लिहा. सरांनी काय म्हटलं तेही लिहा.