रॉबिन हूडला वडील कशाला हवेत?

रिडली स्कॉट यांचा २०१० सालचा ‘रॉबिन हूड’ परवा दुसऱ्यांदा पाहिला आणि पहिल्या वेळी जे नुसते खटकले होते, ते या वेळी नेमके कळले. रॉबिन बंडखोर कसा झाला याची ही पूर्वकथा आहे, त्यामुळे तो खऱ्या अर्थाने रानात राहायला जातो तेव्हा चित्रपटच संपतो. माझी तक्रार मात्र ती नाही.

सुरुवात तर मला मनापासून आवडली. ११९९ मध्ये फ्रान्समधल्या एका किल्ल्याला वेढा घातलेला असताना रिचर्ड राजा बाण लागून मरतो. त्याच्या फौजेतला एक साधा तिरंदाज, म्हणजे रसेल क्रो यांचा रॉबिन, मेलेल्या सरदाराचे नाव लावून इंग्लंडला परततो. रॉबिन सरदार नसणे हे जुन्या कथागीतांना धरून आहे. तिथे तो कुळवाड्याहून वर पण उमरावापेक्षा खाली, अशा मधल्या थरातला माणूस आहे. त्याला अर्ल केले ते १५९८ च्या सुमारास अँथनी मंडे या नाटककाराने. (२०१८ च्या चित्रपटात तो पुन्हा लॉक्सलीचा जमीनदार झाला, त्याबद्दल न बोललेलेच बरे.)

चर्चने नेलेले बियाणे रॉबिन आणि त्याचे सोबती रात्रीच्या अंधारात लुटून आणतात आणि गावच्या शेतात पेरतात, तो प्रसंग मला सर्वांत खरा वाटला. पेरणीला दाणा नसणे म्हणजे काय, हे आपल्याला वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

आणि मग मध्येच कळते की रॉबिनचे वडील पाथरवट होते आणि प्रजेच्या हक्कांची सनद लिहिल्याबद्दल त्यांना ठार मारले होते. म्हणजे अन्यायाची चीडसुद्धा त्याची स्वतःची नाही, वारशाने आलेली! अर्लपद काढून घेतले, पण कुळी शोधण्याची हौस काही सुटली नाही.

शिवाय रोख मॅग्ना कार्टावर ठेवला आहे. १२१५ ची ती सनद मुख्यतः सरदारांनी जॉन राजाकडून मिळवली. जमिनीला बांधलेल्या वेठकुळांच्या पदरात तिच्यातून फारसे पडले नाही. रॉबिनच्या कथेला जवळची आहे ती १२१७ ची वनसनद, जिने राजाच्या हरणाची शिकार केल्याबद्दल कोणाचा जीव वा अवयव घेण्याची शिक्षा बंद केली. राजाची हरणे मारून जगणाऱ्या नायकाच्या चित्रपटात सनदच आणायची होती, तर ही आणायची.

जुन्या ‘गेस्ट’ या दीर्घ कथागीतात रॉबिनच्या बापाचे नावही येत नाही. तो पहिल्यापासून रानातच असतो. त्यातला राजाही रिचर्ड नसून एडवर्ड आहे. तो रॉबिनला माफी देऊन दरबारी नेतो, पण सव्वा वर्षातच रॉबिनचा जीव तिथे गुदमरतो. सात दिवसांची रजा मागून तो बार्न्सडेलच्या रानात जातो आणि पुढे बावीस वर्षे परत फिरकत नाही.