प्लेटवरची फिकट खूण आणि आमचा नकार: वेर्ण्याच्या वर्कशॉपकडून उत्तर

नमस्कार,

तुम्ही एक तारा देऊन लिहिलंय की टायटॅनियमच्या बोन प्लेटवर (मोडलेलं हाड जुळेपर्यंत धरून ठेवणाऱ्या पट्टीवर) लॉट नंबर लेसरनं खोल मारून मागितला तर आम्ही नकार दिला, ड्रॉइंगमधली जागा बदलायला लावली, मारलेली खूण फिकट निघाली आणि दोन दिवसांचं काम पाच दिवसांवर गेलं. "दुसरीकडे हेच उभ्या उभ्या करून देतात" असंही म्हणालात.

उशिराची चूक पूर्णपणे आमची. शंका आली त्याच दिवशी मी स्वतः फोन करायला हवा होता. फोन तिसऱ्या दिवशी केला, तोवर तुमचा माणूस मडगावहून दोन हेलपाटे घालून गेला. मनापासून माफी मागतो.

नकार मात्र मी आजही तसाच देईन. का, ते फोनवर नीट सांगितलं नाही, म्हणून इथे सांगतो.

ड्रॉइंगमध्ये नंबर स्क्रूच्या मधल्या होलच्या अगदी काठाला होता. होलपाशी प्लेटचा छेद सगळ्यात अरुंद, म्हणून वाकताना ताणही तिथेच जास्त येतो. त्यात मधली होलं बहुतेक वेळा मोडलेल्या जागेच्या जवळ येतात. हाड जुळायला उशीर झाला तर भार तेवढे दिवस प्लेट सोसत राहते.

अशा जागी खोल मारायचं म्हणजे लेसरचा किरण त्याच रेषेवरून पुन्हा पुन्हा फिरवायचा. दर वेळी तेवढा ठिपका सोळाशे अंशांच्या पुढे जाऊन वितळतो आणि लगेच गोठतो. गोठताना तो आक्रसू पाहतो, पण भोवतीचा थंड धातू त्याला आक्रसू देत नाही. त्यामुळे पेशंटनं पहिलं पाऊल टाकण्याआधीच त्या थरात ओढ बसलेली असते. तापलेलं टायटॅनियम हवेतला ऑक्सिजनही शोषून घेतं, आणि वरची कातडी कडक, ठिसूळ होते. खाचेच्या तळाशी बारीक तडे राहू शकतात. ते नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत; पीस कापून, पॉलिश करून सूक्ष्मदर्शकाखाली धरावा लागतो. प्लेटला शॉट पीनिंग (पृष्ठभागावर बारीक गोळ्यांचा मारा) केलेलं असेल तर त्यानं दाबून बसवलेला थरही लेसर तेवढ्या जागेपुरता वितळवून टाकतो.

एका दणक्यात अशी प्लेट मोडणार नाही. खेचून तोडायच्या चाचणीत खूण मारलेला आणि कोरा पीस यांत फारसा फरक दिसणार नाही, आणि तिथेच फसगत होते. फरक पडतो तो फटीगमध्ये, लाखो वेळा थोडं थोडं वाकताना. वल्ह्याच्या दांड्याला कोयत्याचा घाव बसला तर तो त्याच दिवशी मोडत नाही, पण मोडतो तेव्हा घावापाशीच. १९९७ साली अमेरिकेतल्या हाडांच्या सर्जनांच्या नियतकालिकात खुब्याच्या कृत्रिम सांध्याचे दहा दांडे मोडल्याची नोंद आली. धातू घडीव कोबाल्ट-क्रोम, चांगलाच चिवट. तडा सुरू झाला होता लेसरनं कोरलेल्या अक्षरांपाशी. हे वाचल्यापासून इम्प्लांटचा जॉब आला की मी आधी ड्रॉइंगमधली अक्षरांची जागा बघतो. स्टीलच्या नेमप्लेटवर खोल मारायला आम्हालाही पाच मिनिटंच लागतात. पण ही प्लेट कुणाच्या तरी मांडीत बसणार आहे.

लॉट नंबर हवाच, त्यावर वाद नाही. उद्या काही झालं तर कुठला पीस कुठल्या लॉटचा, हे त्यावरूनच कळणार. म्हणून तुमच्या नाइलाजाच्या होकारानंतर आम्ही तो टोकाकडे, होलपासून लांब मारला, आणि पॉवर कमी ठेवून. यात धातू कोरला जात नाही, वरच्या ऑक्साइडचा रंग बदलतो. अशाही खुणेत धातूला उष्णता लागतेच, म्हणून खूण किती काळी आहे यापेक्षा ती कुठे आहे हे मी आधी बघतो.

ती फिकट का झाली? तुमच्याकडे नंतर अॅनोडायझिंग होतं, म्हणजे विजेनं ऑक्साइडचा थर चढवतात. त्याआधीच्या आम्लाच्या बाथमध्ये तो पातळ थर उतरला असावा. पुढची प्रक्रिया काय, हे आम्ही आधी विचारायला हवं होतं. विचारलं नाही, हीही आमचीच चूक. सगळे पीस परत पाठवा, अॅनोडायझिंगनंतर त्याच टोकाच्या जागी पुन्हा मारून देऊ, पैसे लागणार नाहीत. आधी दोन पीसवर मारून तुम्हाला दाखवू, तुम्ही हो म्हणालात की बाकीचे.

सोबत एखादा रिजेक्ट पीसही द्या. त्याच्या होलच्या काठाला तुम्हाला हवी तशी खोल खूण मारतो आणि तिथेच कापून आत काय झालंय ते तुमच्यासमोर दाखवतो. आणि एएसटीएम एफ ३८२ या बोन प्लेटच्या चाचणीच्या मानकाप्रमाणे बेंडिंगच्या फटीग चाचणीला प्लेट पाठवाल तेव्हा कोऱ्या पाठवू नका. खूण मारलेल्या, अॅनोडायझिंग झालेल्या, पेशंटच्या अंगात जातील तशाच पाठवा.