बाबांचं बोट अजून नकाशावरच होतं

आज सकाळी भाची टाउन प्लॅनिंगच्या परीक्षेसाठी थिअरीचा तक्ता पाठ करत होती आणि मी ऐकत होतो. नियोजन कसं करावं याचे पंथ: रॅशनल, इन्क्रिमेंटल, अ‍ॅडव्होकसी, कम्युनिकेटिव्ह, रॅडिकल. प्रत्येकापुढे मांडणाऱ्याचं नाव आणि साल. लिंडब्लॉम १९५९, डेव्हिडॉफ १९६५. फालुदीची १९७३ची विभागणीसुद्धा तोंडपाठ: कशाचं नियोजन करायचं त्याची थिअरी वेगळी, ते कसं करायचं त्याची वेगळी. पोरगी धडाधड म्हणत होती आणि मला बाबा दिसत होते.

डीपीतल्या, म्हणजे विकास आराखड्यातल्या, रस्त्याची रेघ आमच्या विहिरीवरून गेली होती. बाबा इस्त्रीचा सदरा घालून सुनावणीला गेले. पिशवीत सातबारा आणि मोजणीचा नकाशा. तीन तास बाकावर बसलो. नंबर आला, बाबांनी नकाशा उलगडला, विहिरीवर बोट ठेवलं, तेवढ्यात आवाज आला, "नोंद घेतली. पुढचे." बाबांचं बोट अजून नकाशावरच होतं.

महाराष्ट्राच्या १९६६च्या नगररचना कायद्याचं कलम २८ सांगतं, हरकत घेणाऱ्याला ऐका. ऐकलं की! तक्त्यात हे 'लोकसहभाग' म्हणून बसतं. अमेरिकेतल्या शेरी अर्नस्टाईनबाईंनी १९६९मध्ये सहभागाच्या आठ पायऱ्या मांडल्या, त्यात सल्लामसलत चौथी, आणि तिला त्यांनी सरळ देखाव्यात टाकलंय. भाचीने "चौथी" म्हटलं आणि पुढे गेली. बाबा त्याच पायरीवर उभे होते गं!

रॅशनलवाला म्हणतो, टेबलावर सगळी माहिती आहे. नव्हती ना, विहीर नव्हती! इन्क्रिमेंटलवाला म्हणतो, एकेक पाऊल टाकू. कोणाच्या दारात? सालांवरून कसली वर्गवारी करता? रेघ मारणाऱ्याने जागा पाहिली होती का, यावरून करा.

वर्गवारी लागते, मान्य, पोरं शिकणार कशी. रस्ताही लागतो.

पण शंभर वर्षांपूर्वी पॅट्रिक गेडिस हा स्कॉटिश नगररचनाकार आपल्याकडच्या गावांच्या गल्ल्यांतून पायी फिरला, जुनी वस्ती फोडून सरळ रस्ते काढायला विरोध केला, तळी-विहिरी राखा म्हणून भांडला. १९१९मध्ये मुंबई विद्यापीठात शिकवायलाही आला. भाचीच्या तक्त्यात त्याला एक ओळ आहे, 'इतिहास' या रकान्यात.

मी जरा जोरातच बोललो असेन. तिने तक्ता मिटला. "मामा, मग आजोबांची विहीर?"

बुजवली. बाबा त्या दिवशी घरी येऊन नुसते काठावर बसले होते.

ही पोरगी उद्या टेबलाच्या पलीकडे बसेल. बाळा, कोणी नकाशावर बोट ठेवलं, तर ते बोट उचलेपर्यंत तरी थांब.